पाणंद, पठार आणि पुणे रस्ता : एका मोटारसायकलच्या निवडीचे प्रकरण

संगमनेरला राहणारा माझा मामेभाऊ ठिबक सिंचनाचे संच बसवून देतो आणि त्यांची देखभालही करतो. वय ३६, उंची ५ फूट ५ इंच, वजन ६२ किलो. त्याचे गिऱ्हाईक तीन दिशांना पसरलेले आहे : प्रवरेच्या काठची उसाची आणि टोमॅटोची काळी जमीन, साकूर-घारगाव-बोटा हा डाळिंबाच्या बागांचा मुरमाड पठार भाग, आणि अकोले तालुक्यातील कोतूळ-राजूरकडची गावे. त्याशिवाय सुटे भाग आणण्यासाठी महिन्यातून दोनदा पुणे, म्हणजे एका बाजूने सुमारे १४० किलोमीटर. ही सगळी वणवण तो नऊ वर्षे १२५ सीसीच्या एका साध्या गाडीवर करत आला होता आणि २०२४ च्या सप्टेंबरात त्या गाडीचे पुढचे शॉकअप तिसऱ्यांदा गळू लागले, तेव्हा त्याने मला फोन करून सांगितले, "दादा, आता ॲडव्हेंचर गाडीच घ्यायची. हिमालयन ठरलीय, फक्त रंग सांग."

माझ्याकडे २०१८ पासून रॉयल एन्फील्डची जुनी हिमालयन ४११ आहे, म्हणून घरातल्या अशा चौकशा माझ्याकडे येतात. रंग सांगण्याऐवजी मी त्याला पंधरा दिवसांचे एक काम लावले आणि पुढे नऊ महिने चाललेल्या या निवडीत निकाल ठरवणारी गोष्ट तीच ठरली. निकाल सर्वस्वी बरोबर लागला असे मी म्हणणार नाही; कुठे चुकलो ते पुढे येईलच.

त्याच्या फोनमध्ये तेव्हा सहा गाड्यांचा एक तक्ता होता. सीसी, अश्वशक्ती, टॉर्क (चाक फिरवणारा जोर), किंमत, टाकी किती लिटरची, असे रकाने होते आणि प्रत्येक रकान्यातला मोठा आकडा हिरव्या रंगाने रंगवलेला होता. अशा तक्त्यातून सर्वांत मोठी गाडी कोणती ते कळते, पण गाडी ज्या माणसाला आणि ज्या वाटेवर चालवायची आहे ते दोघेही त्या तक्त्यात नसतात. म्हणून मी त्याला एक वही करायला सांगितली. रोज संध्याकाळी घरी आल्यावर त्या दिवसाचे किलोमीटर तीन भागांत लिहायचे : डांबर, मुरूम किंवा खडी, आणि पाणंद. पाणंद म्हणजे दोन शेतांच्या बांधांमधून जाणारी, बैलगाडीच्या आणि आता ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेली वाट, हे ग्रामीण वाचकाला सांगायला नको. पण शहरात 'ऑफरोड' या एकाच शब्दाखाली मुरमाचा कोरडा रस्ता आणि पावसातली पाणंद एकत्र टाकली जातात, आणि तिथेच निवड फसायला सुरुवात होते. किलोमीटरच्या शेजारी लागलेला वेळही लिहायचा, आणि गाडी पडली किंवा अडकली तर तीही नोंद करायची.

पंधरा दिवसांची बेरीज १,०४० किलोमीटर झाली. त्यात डांबर ६९०, मुरूम-खडी २७०, पाणंद ८०. एवढ्यावरून कोणीही म्हणेल की दोन तृतीयांश वापर डांबरावर आहे, तेव्हा डांबरावर चांगली चालणारी गाडी घ्यावी आणि मातीवर जमेल तसे भागवावे. वेळेचा रकाना पाहिल्यावर मात्र चित्र बदलले. डांबरावर साधारण पंधरा तास गेले होते, मुरमावर दहा, आणि त्या ८० किलोमीटर पाणंदीवर जवळजवळ सात. म्हणजे गाडीवर बसलेल्या वेळेपैकी निम्म्याहून थोडा कमी वेळच डांबरावर जात होता. तिसरा रकाना त्याहून बोलका होता : पंधरा दिवसांत गाडी तीनदा पडली आणि तिन्ही वेळा ती पाणंदीतच पडली. एकदा तर पुढच्या मडगार्डात काळ्या मातीचा गोळा इतका घट्ट बसला होता की चाक फिरेना, आणि त्याने पाऊण तास तुरीच्या काडीने तो उकरून काढला. तिन्ही वेळा आसपास माणूस नव्हते.

या वहीवरून मी एक आडाखा बांधला आणि तो त्याला तसाच सांगितला. इंजिन किती मोठे हवे ते पुणे रस्ता ठरवेल, आणि वजन किती चालेल, पुढचे चाक केवढे हवे, मडगार्ड कसा हवा, हे सर्व त्या ८० किलोमीटरांतले सर्वांत वाईट दोन किलोमीटर ठरवतील. दोहोंत भांडण झाले तर पाणंदीचे ऐकायचे, कारण पुणे रस्त्यावर कमी ताकदीच्या गाडीने अर्धा तास जास्त लागतो, पण पाणंदीत न उचलणाऱ्या गाडीने अख्खी दुपार जाते.

रस्ता आणि माती या दोन्हींसाठी एकच गाडी, ही कल्पना तशी जुनी आहे. बीएमडब्ल्यूने १९८० साली आर ८० जी/एस बाजारात आणली तेव्हा तिच्या नावातली ती दोन अक्षरेच रान आणि रस्ता यांसाठीच्या जर्मन शब्दांची होती. आपल्याकडे हीरोची इम्पल्स २०११ मध्ये आली आणि फारशी न चालता बंद झाली. २०१६ मध्ये रॉयल एन्फील्डची हिमालयन आली आणि हा प्रकार सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचला. तेव्हापासून 'ॲडव्हेंचर' या एका नावाखाली दोन वेगळ्या जाती विकल्या जात आहेत. एका जातीला पुढे २१ इंची तारांचे चाक, लांब शॉकअप आणि अरुंद सीट असते. दुसरीला १९ इंची मिश्रधातूचे चाक, ट्यूबलेस टायर आणि बसायला ऐसपैस जागा असते. पहिली मातीतून रस्त्यावर आलेली, दुसरी रस्त्यावरून मातीकडे वळून पाहणारी. दुकानात दोन्हींना पुढे सारखीच चोचीसारखी पट्टी आणि सारखीच उंच काच असल्यामुळे हा फरक चटकन दिसत नाही.

तक्त्यातल्या सहांपैकी तीन नावे लवकर गळाली. केटीएमच्या ३९० ॲडव्हेंचरचे नवे ३९९ सीसीचे, ४६ अश्वशक्तीचे रूप जानेवारी २०२५ मध्ये आले. गाडी उत्तमच आहे, पण साडेतीन लाखांच्या पुढची किंमत त्याच्या कुवतीबाहेर होती आणि ती ताकद वापरायला त्याच्याकडे रस्ताही नव्हता. ट्रायम्फची स्क्रॅम्बलर ४०० एक्स देखणी म्हणून यादीत शिरली होती, तशीच बाहेरही गेली. माझी जुनी ४११ मी त्याला स्वस्तात देऊ केली होती, ती त्याने एका वाक्यात नाकारली, "तुझी गाडी समरदजवळ उचलायला तीन माणसं लागली होती, मी त्यातला एक होतो." हे खरे होते. चूक माझी होती, उतारावर ओल्या मातीत मी पुढचा ब्रेक दाबला होता. पण दोनशे किलोच्या आसपासची गाडी बांधाच्या उताराकडे चाके वर करून पडली की ती एकट्याने उठत नाही, हे त्याने स्वतःच्या खांद्याने अनुभवले होते. गंमत एवढीच की तो अनुभव पाठीशी असतानाही त्याच्या मनात नवी हिमालयनच होती.

उरल्या तीन : हिमालयन ४५०, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि हीरोची एक्सपल्स. सप्टेंबरात तक्त्यात एक्सपल्स २०० होती. जानेवारीत एक्सपल्स २१० ची किंमत जाहीर झाली आणि तिने जुनीची जागा घेतली.

हिमालयन ४५० विषयी त्याच्या मनात जे होते ते निव्वळ हौसेपोटी नव्हते. ४५२ सीसी, पाण्याने थंड होणारे इंजिन, ४० अश्वशक्ती, ४० न्यूटन मीटर टॉर्क, १७ लिटरची टाकी, पुढे-मागे २०० मिमी चालीचे, म्हणजे तेवढे दबू शकणारे शॉकअप आणि पुढे २१ इंची चाक. कागदावर ही पाणंदीचीही गाडी आहे आणि पुणे रस्त्याचीही. सीटची उंची ८२५ मिमी असून ती कमी करून मिळणारी वेगळी सीट ८०५ मिमीची येते. म्हणजे बुटक्या माणसासाठी उरलेल्या तिघींत हीच सर्वांत सोयीची. अडचण होती ती १९६ किलो वजनाची. व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलोची आणि एक्सपल्स २१० तिच्या आसपासचीच. म्हणजे फरक २५-३० किलोंचा, सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून थोडा अधिक. त्यात त्याच्या मागच्या पिशवीतले जोड, व्हॉल्व्ह, प्रेशर गेज आणि लॅटरलला, म्हणजे ठिबकच्या नळीला, भोक पाडायचे पंच मिळून अठरा किलो होतात, ते तिन्ही गाड्यांना सारखेच.

वजन आणि सीटची उंची या दोन आकड्यांचा परस्परसंबंध लोक नीट लक्षात घेत नाहीत, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. सीट उंच असली की दोन्ही टाचा टेकत नाहीत, आणि टाचा टेकल्या नाहीत की नवखा माणूस घाबरतो. पण पाणंदीत दोन्ही पाय एकदम टेकवायची वेळ क्वचितच येते. येते ती एक पाय चाकोरीच्या काठावर ठेवून, गाडी त्या बाजूला थोडी कलती असताना तोलून धरायची. तिथे पाय किती पुरतो याइतकेच त्या पायावर किती किलो येतात हेही महत्त्वाचे ठरते. शिवाय माहितीपत्रकातली उंची कोणी बसलेले नसताना मोजलेली असते. लांब चालीचे शॉकअप माणूस बसताच त्या चालीचा चौथा ते तिसरा हिस्सा खाली बसते, आणि अरुंद सीटवर मांड्या फाकत नाहीत म्हणून तीच उंची कमी वाटते. उलट बाजूही सांगायला हवी : ६२ किलोच्या माणसाखाली शॉकअप ८० किलोच्या माणसाइतके दबत नाही, त्यामुळे 'बसल्यावर उतरते हो' हे जाडजूड मित्राचे आश्वासन हलक्या माणसाला तसेच लागू पडत नाही. मामेभावाला एक्सपल्सवर दोन्ही पायांचे चवडे टेकत होते, टाचा नाही. हिमालयनवर दोन्ही टाचा जवळजवळ टेकत होत्या. आकड्यांनी सांगितलेले इथे खरे निघाले, पण निकाल त्याने लागणार नव्हता.

निकाल लागला तो एप्रिलच्या अखेरीस, आश्वी खुर्दच्या वाटेवरल्या एका ओळखीच्या वावरात. दुकानातली चाचणी म्हणजे दोन किलोमीटर डांबर आणि मागे बसलेला विक्रेता. त्यातून आमच्या कामाचे काही कळणार नव्हते. एका दुकानात तर 'मातीत नेऊ नका, धुवायला माणूस नाही' असेही ऐकून घेतले. म्हणून तिन्ही गाड्या मित्रांच्या आणि मित्रांच्या मित्रांच्या मागून आणल्या, अट एवढीच की खरचटले तर भरपाई आमची. वावराला आदल्या रात्री पाणी दिलेले होते. काळी माती रात्रभर भिजली की सकाळी वरून सुकलेली दिसते आणि आतून लोण्यासारखी असते. पावसाळ्यातल्या पाणंदीची याहून हुबेहूब नक्कल उन्हाळ्यात करता येत नाही.

आधी उभ्या गाड्या ताडपत्रीवर आडव्या करून एकट्याने उचलायच्या होत्या. पद्धत सोपी आहे : गाडी गिअरमध्ये ठेवायची म्हणजे ती घरंगळत नाही, पलीकडे पडायला नको म्हणून साइड स्टँड आधीच बाहेर काढायचा, गाडीकडे पाठ करून बुड सीटला टेकवायचे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पकड धरायची आणि कंबर न वाकवता पायांनी मागे रेटत चालायचे. एक्सपल्स त्याने दुसऱ्या प्रयत्नात उभी केली. व्ही-स्ट्रॉमही तशीच. हिमालयन तिसऱ्या प्रयत्नात उठली, पण तीही पिशवी काढून ठेवल्यावर, आणि उठल्यानंतर तो बांधावर बसला आणि पाच मिनिटे बोलला नाही. मग म्हणाला, "एकदा जमेल. दिवसातून दोनदा नाही." त्या वाक्याने हिमालयन यादीतून गेली. मला वाईट वाटले, कारण तिघींत चालवायला मला तीच सर्वांत आवडली होती. पण मी ५ फूट १० इंच आहे आणि पाणंदीत रोज माझे काम नसते.

त्यानंतर चिखल. व्ही-स्ट्रॉमचे इंजिन गोड आहे, २४९ सीसीला २६.५ अश्वशक्ती, आणि कोरड्या मुरमावर तिने एकदाही तक्रार करायला जागा दिली नाही. भिजलेल्या वावरात मात्र दोन गोष्टी आड आल्या. पहिली, पुढच्या चाकाला बिलगून असलेला खालचा मडगार्ड : चाळीस पावलांत त्याच्या आणि टायरच्या मध्ये माती ठासली आणि चाक घासू लागले, म्हणजे वहीतली तुरीच्या काडीची नोंद जशीच्या तशी. दुसरी, १९ इंची चाक चाकोरीच्या काठावर चढताना आडवे सरकत होते. मोठ्या घेराचे चाक दगडाला किंवा काठाला कमी चढाच्या कोनात भिडते, म्हणून २१ इंची चाक जिथे चढून जाते तिथे लहान चाक आधी आदळते आणि मग वळते. वळणदार डांबरी घाटात हाच हिशेब उलटतो. तिथे १९ इंची चाक चटकन झुकते आणि २१ इंची थोडे आढेवेढे घेते. त्याच्या पुणे रस्त्यावर चंदनापुरीचा घाट सोडला तर अशी वळणे फारशी नाहीत.

एक्सपल्स २१० त्या वावरातून हळूहळू, मागचे चाक डावी-उजवीकडे हलवत, पण न थांबता पार गेली. मडगार्ड टायरपासून उंच असल्याने माती साचली आणि स्वतःच्या वजनाने गळूनही पडली. उभे राहून चालवताना हँडल त्याच्या हाताला बरोबर येत होते, वाकावे लागत नव्हते. ही बारीकशी गोष्ट दिवसाकाठी दोन तास फूटरेस्टवर उभ्या राहणाऱ्याच्या कमरेला महिन्याभरात कळते. मागच्या चाकाचे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक पूर्ण अडू न देणारी यंत्रणा) बंद करता येते, हेही तिथेच तपासले. सैल मुरमाच्या उतारावर मागचे चाक अडले की त्याच्यापुढे मातीचा लहानसा ढिगारा जमतो आणि तोच गाडीला रोखतो. एबीएस चाक अडू देत नाही, म्हणून ढिगारा जमत नाही आणि गाडी सरपटत राहते. मी मात्र त्याला एकच ताकीद दिली : पुढचे एबीएस कधीही बंद करायचे नाही. समरदच्या उतारावर मी जे केले त्यानंतर हा सल्ला द्यायचा अधिकार मला आहे असे मी मानतो.

आता पुणे रस्ता. एक्सपल्सच्या २१० सीसी इंजिनाची ताकद २४.६ अश्वशक्ती, म्हणजे हिमालयनच्या तुलनेत निम्म्यापेक्षा थोडी जास्त. चौपदरी महामार्गावर ती ८०-८५ च्या वेगात निवांत चालते. शंभरीला पोचते, पण तिथे इंजिनाचा आवाज सतत काही तरी सांगत राहतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल वेगमर्यादाच ताशी ८० किलोमीटर आहे, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो हसला, कारण ती मर्यादा आम्ही दोघेही किती पाळतो ते आम्हाला ठाऊक आहे. तरीही मुद्दा उरतोच : जाऊन-येऊन महिन्याला चार फेऱ्या, प्रत्येकी तीन-सव्वातीन तास. मोठ्या इंजिनाने त्यातून फेरीला पंचवीस मिनिटे वाचली असती. महिन्याची शंभर मिनिटे. एका न उचललेल्या गाडीची दुपार त्याहून मोठी आहे.

व्ही-स्ट्रॉमच्या बाजूने एक मुद्दा मात्र फार जड होता आणि तो मी तेव्हा हलका तोलला, ही माझी पहिली चूक. तिचे टायर ट्यूबलेस आहेत. एक्सपल्सची चाके तारांची आणि टायरमध्ये ट्यूब. पठारावर वेडी बाभूळ माजलेली आहे आणि बागांच्या कुंपणाला तिचेच काटेरी फास लावलेले असतात. ट्यूबलेस टायरात काटा शिरला तर हवा हळूहळू जाते, संध्याकाळी घरी येऊन पंक्चर काढता येते. ट्यूबच्या टायरात तोच काटा जागेवर बसवतो. मी म्हणालो, तारांचे चाक दगडावर आपटून वाकले तर तार कसून सरळ करता येते, मिश्रधातूचे चाक तडकले तर बदलावेच लागते. हे खरे आहे. पण चाक वाकणे वर्षातून एखाद्या वेळी होते आणि काटा महिन्याला शिरतो, हा साधा हिशेब वहीत नव्हता आणि मी तो डोक्यातही केला नाही.

जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात एक्सपल्स २१० घेतली. शोरूमची किंमत पावणेदोन लाखांच्या आसपास, त्यावर वाहनकर, विमा आणि नोंदणी. पुढे २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि या गाडीची किंमत सुमारे चौदा हजारांनी उतरली. तीन महिने थांबला असता तर ते पैसे वाचले असते. मात्र मधला पावसाळा जुन्या गाडीवर काढावा लागला असता. त्याच फेरबदलात ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवरचा कर ४० टक्के झाला, म्हणजे जी हिमालयन आम्ही वजनापायी सोडली ती आता पैशांच्याही हिशेबात आणखी लांब गेली आहे. हे आमच्या शहाणपणाने घडलेले नाही.

गाडीला त्याने आठ महिन्यांत जे जोडले ते थोडे आहे. इंजिनाखाली जाड पत्र्याची बॅश प्लेट, हँडलवर हाताची ढाल, आणि मागे लोखंडी पेट्यांऐवजी दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या कापडी पिशव्या. लोखंडी पेटी पडल्यावर वाकते आणि पाय तिच्याखाली सापडला तर हाड मोडते. कापडी पिशवी मळते एवढेच. मागच्या टायरबाबत माझी दुसरी चूक झाली. मी त्याला जुलैत मोठ्या खुरांचा मातीचा टायर घ्यायला लावला. चिखलात तो सुरेख चालला, पण पुणे रस्त्यावर ओल्या डांबरावर गाडी वळणात घसरल्यासारखी वाटू लागली आणि साडेचार हजार किलोमीटरात खुरांची धार गेली. दिवाळीनंतर त्याने मधल्या प्रकारचा, रस्ता-माती दोन्हींचा टायर बसवला आणि मला त्याविषयी विचारले नाही.

पंक्चरे आठ महिन्यांत सहा झाली, त्यांतली पाच काट्यांची. पहिले पंक्चर कौठे मलकापूरच्या अलीकडे झाले तेव्हा तो गाडी ढकलत दोन किलोमीटर गेला आणि दुकानदाराने चाक पाहून हात वर केले, कारण त्याच्याकडे २१ इंची ट्यूब नव्हती. गावातल्या दुकानांत १७ आणि १८ इंचीच्या पुढे सहसा काही नसते. त्यानंतर तो दोन टायर-लोखंडे, ठिगळे, सोल्युशन, पायाचा पंप आणि २१ इंची एकच जादा ट्यूब बरोबर ठेवतो. ती ट्यूब वेळ पडली तर मागच्या १८ इंची चाकातही घडी घालून घरापर्यंत चालते; उलट, लहान ट्यूब मोठ्या चाकात ताणून घालणे धोक्याचे. पहिल्यांदा ट्यूब बदलायला त्याला सव्वा तास लागला आणि लोखंडाने नवी ट्यूबच फाटली. आता पंचवीस मिनिटे लागतात. हवेचा दाब मी मातीसाठी २० पीएसआयपर्यंत उतरवायला सांगत असे. त्याने तो २४ च्या खाली नेणे बंद केले आहे, कारण ट्यूबच्या टायरात हवा कमी असली की दगडावर ट्यूब रिमच्या कडेत चिमटली जाते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. सहावे पंक्चर तसले होते.

पडण्याची नोंद त्याने अजून ठेवली आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत गाडी सात वेळा पडली. सातही वेळा त्याने ती एकट्याने उचलली. जुन्या १२५ वर पंधरा दिवसांत तीन पडणे होते, त्या मानाने संख्या बरीच कमी आहे, मात्र त्यात वाटा गाडीचा किती आणि उभे राहून चालवायला शिकल्याचा किती, हे वेगळे करता येत नाही. ॲव्हरेज त्याच्या हाती मिश्र रस्त्यांवर ३८ च्या आसपास पडते. जुनी गाडी ५५ देत असे. महिन्याला सुमारे दोन हजार किलोमीटर म्हटल्यावर हा फरक पेट्रोलच्या बिलात ठळक दिसतो आणि निवड करताना आम्ही तो धरला होता.

जे धरले नव्हते ते ऑक्टोबरात पुढे आले. पाऊस थांबल्यावर तो आणि माझी भावजय भंडारदऱ्याला निघाले, अकोले-राजूरमार्गे, घरापासून साठेक किलोमीटर. राजूरच्या पुढे रंध्याच्या धबधब्याला पोचेपर्यंत तिने तीनदा गाडी थांबवली होती. परतताना ती राजूरला उतरली, एसटीत बसली आणि संगमनेरला नवऱ्याच्या आधी पोचली. मला फोनवर म्हणाली, "भाऊजी, ती सीट नाही, पाट आहे. आणि तुमच्या त्या वहीत माझं नाव कुठं होतं?" नव्हते. पंधरा दिवसांत मागे कोणी बसलेच नव्हते, म्हणून तो रकानाच आखला नाही. कसे बसणार होते? १२५ च्या त्या थकलेल्या गाडीवर दोघांनी घाट चढणे नऊ वर्षांत त्यांनी सोडूनच दिले होते. वहीत माणूस सध्याच्या गाडीवर काय करतो ते उतरते. गाडी धड नाही म्हणून जे करायचे सोडून दिलेले असते ते उतरत नाही, आणि नवी गाडी घराच्या दारात उभी राहिली की तेच आधी आठवते. मी पुन्हा कोणासाठी अशी वही आखली तर शेवटचे पान घरातल्या दुसऱ्या माणसाला भरायला देईन. तिथे व्ही-स्ट्रॉमची ऐसपैस मागची सीट नक्की जड ठरली असती. निकाल फिरला असता का, यावर आम्हा तिघांचे अजून एकमत नाही.

सध्या ती सीट संगमनेरच्या एका कुशन कारागिराकडे आहे. मागच्या भागात दीड इंच घट्ट फोम आणि वर घसरणार नाही असे कापड, असे ठरले आहे. कारागीर म्हणाला, पुढेही तेवढाच फोम घालतो, एकसारखे दिसेल. पुढच्या भागाला मामेभावाने हात लावू दिला नाही. तिथले ८३० मिमी त्याने चवडे टेकवून मोजून घेतलेले आहेत.